बारा सहस्रांश इंच

खंडेनवमीच्या रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. टेक्सासात तेव्हा सकाळ होती. गॅरेजातल्या टेबलावर लाल कापड अंथरलेलं. त्यावर ड्रिल मशीन, पान्यांचा संच, सूनबाईचं शिलाई मशीन, झेंडूची चार फुलं आणि या सगळ्यांच्या पुढे आडवी ठेवलेली एक रायफल. लाकडावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. "मामा, हे वाचा," म्हणत त्यानं फोन रायफलीच्या मानेशी नेला. लाकडी दस्ता संपून लोखंड सुरू होतं तिथं अशोकस्तंभाचे सिंह कोरलेले होते. खाली इंग्रजीत आर.एफ.आय., मग २ए१ आणि साल १९६६.

आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी. आपल्या करातून बनलेली, आपल्याच फौजेनं वापरून टाकलेली बंदूक टेक्सासातल्या एका गॅरेजात झेंडू वाहून घेत होती.

"कितीले घेतली?" मी विचारलं. खानदेशी माणसाला हा प्रश्न पोटात ठेवता येत नाही.

"दोनशे डॉलर. २००६ मध्ये. दुकानात गेलो, ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला. दुकानदारानं फोनवरून चौकशी केली, म्हणाला घेऊन जा."

तेव्हाच्या भावानं नऊ हजार रुपये. मी दोंडाईच्यात, ओट्यावर बसून हे ऐकत होतो. गल्लीतून मिरचीचा ठसका येत होता, आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: हीच बंदूक मला इथं घ्यायची म्हटलं तर? घ्यायची मुळीच नव्हती. या वयात खांदा बाम लावायच्या कामाचा उरलाय. पण रस्ता नेमका कुठं बंद होतो ते बघायचं होतं.

बंद होतो तो धुळ्याच्या बंदुकीच्या दुकानातच. दुकानदाराला मी 'थ्री नॉट थ्री' म्हटलं आणि तो माझ्याकडे बघून हसला, जसं कुणी किराणा दुकानात जाऊन रेल्वेचं इंजिन मागावं. "ती पीबी आहे, भाऊ." आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्याच्या पोटात दोन खाती आहेत. एक पीबी म्हणजे निषिद्ध बोअर, दुसरं एनपीबी म्हणजे तसं नसलेलं. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या फौजेच्या गोळ्या. त्या ज्या नळीतून जातात ती नळी पीबी. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊच शकत नाही, तो दिल्लीच्या गृहमंत्रालयाचा विषय. आणि फौजेनं किंवा पोलिसांनी मोडीत काढलेली रायफल जनतेला लिलावात मिळेल, अशी सोय इथं नाही. भाच्याची २ए१ ही ७.६२ ची. म्हणजे टेक्सासात ती हौस आणि दोंडाईच्यात तो गुन्हा.

"पण हिच्या बहिणीला बघा," म्हणत दुकानदारानं मागच्या कपाटातून .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली. हीसुद्धा सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची. बोल्ट तोच. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. चाप तोच, घडण तीच. फक्त नळीचं भोक निराळं. .३०३ आणि .३१५ यांत फरक बारा सहस्रांश इंचाचा, म्हणजे ०.३ मिलिमीटर. पोराच्या शाळेच्या वहीची तीन-चार पानं चिमटीत धरा, तेवढा. किंमत त्यानं सांगितली ती एका चांगल्या दुभत्या म्हशीची.

हे बारा सहस्रांश इंच कुठून आले, याची गोष्ट मला रायफलीपेक्षा जास्त रंजक वाटते.

१८५७ नंतर इंग्रजानं या देशाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं ठरवलं. खानदेशात त्याला कारणंही होती. खाज्या नाईकानं सातपुड्यात पेटवलेलं बंड आणि १८५८ ची अंबापाणीची लढाई त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याआधी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं धरणगावला भिल्लांचंच पथक उभारलं होतं. ज्याची भीती त्याच्याच हातात बंदूक द्यायची, पण हुकूम आपला ठेवायचा, ही त्यामागची शहाणीव. १८७८ मध्ये लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं. तरीही शिकारी होते, संस्थानिक होते, चहामळ्याचे साहेब होते. त्यांना रायफल हवी होती. सरकारची धास्ती वेगळीच होती: फौजेच्या कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, चोरलेलं .३०३ काडतूस खासगी बंदुकीत बसलं तर? मग फौजेच्या काडतुसांची बंदूकच रयतेला द्यायची नाही, असं ठरलं. विलायतेच्या कारखानदारांनी तोडगा काढला. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं जुनं काडतूस घेतलं, त्याला .३१५ नाव दिलं आणि त्या मापाच्या नळ्या ली-एनफील्डच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच, बोल्टला जोडून हिंदुस्थानच्या बाजारात पाठवल्या. पुढे इशापूरनं तेच माप उचललं. १९४७ ला साहेब गेला, माप राहिलं.

साहेबानं पोलिसांवरही पुरता भरवसा ठेवला नव्हता. .३०३ रायफलीच्या नळीतले पीळ काढून ती गुळगुळीत करायची आणि .४१० ची मस्केट म्हणून शिपायांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची, हाही उद्योग इशापूरनं केला. बाहेरून बघणाऱ्याला रायफल वाटावी आणि आतून ती लांब न जाणारी बंदूक असावी. नळीला पीळ असला की गोळी गरगरत जाते आणि नेम लांबवर टिकतो. पीळ गेला की शे-दीडशे पावलांवर भरवसा संपला. म्हणजे एकाच लोखंडाच्या तीन जाती: फौजेला .३०३, पैसेवाल्या रयतेला .३१५, शिपायाला .४१०. आपल्याकडे जातीची वाटणी कुठंही करता येते.

ही धास्ती पोकळ नव्हती, हे सांगायला मला दोंडाईच्याहून फार लांब जावं लागत नाही. धुळ्याच्या रस्त्याला चिमठाणे लागतं. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना तिथं क्रांतिकारकांनी लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. सातारच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील ही नावं आमच्या भागात अजून घेतली जातात. प्रतिसरकारची हत्यारं दुकानातून आलेली नव्हती. बरीचशी पोलिसांच्याच खांद्यावरून उतरवलेली होती. लहानपणी एसटी चिमठाण्याला थांबली की वडील बोटानं रस्ता दाखवायचे आणि आवाज खाली करायचे. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी आवाज खालीच.

माझा स्वतःचा या रायफलीशी संबंध आला तो कॉलेजातल्या एनसीसीत, आणि तीही भोक पाडलेली. कवायतीची डीपी रायफल. काडतूस बसतं तिथं आरपार छिद्र पाडलेलं, म्हणजे कुणी शहाणा गोळी झाडू बघेल तर झाडता येऊ नये. चार किलोचं वजन. बाजूशस्त्र, सलामीशस्त्र करून हाताला घट्टे. दस्त्याच्या मागच्या बाजूला पितळी पट्टी आणि तिच्यात नखानं उघडायचं इवलंसं दार. आत एके काळी तेलाची बाटली आणि नळी पुसायची फुलथ्रूची दोरी असायची, आमच्या वेळेला आत शेंगदाण्याची टरफलं निघायची. गोळीबार आम्ही केला तो .२२ नं. टप्प-टप्प, जणू कुणी दुरून टाळ्या वाजवतंय.

खरी थ्री नॉट थ्री कशी वाजते ते विचारायला मी गल्लीतल्या आबांकडे गेलो. आबा धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलातून, गट क्रमांक सहामधून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता गुडघे दुखतात, पण रायफलीचा विषय काढला की खुर्चीत सरळ होतात. "पहिल्या दिनले खांदा इतला सुजना, का दुसऱ्या दिनले सदरा अंगमा जाये नही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ती रायफल नही व्हती दादा, म्हैस व्हती. लाथ मारे, पन दूध बी दे."

दूध म्हणजे भरवसा. आबांनी दोन्ही हातांनी हवेत रायफल धरून मला दाखवलं. पोटावर पालथं पडायचं, दस्ता खांद्याच्या खोबणीत रुतवायचा, गाल लाकडाला चिकटवायचा. मॅगझिनमध्ये दहा राउंड, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून दाबून भरायचे. यात एक खोच आहे. या काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढेच यायला पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकला, हलत नाही. नव्या शिपायाचं ते हमखास व्हायचं. बोल्ट पुढे नेताना शेवटच्या दोन बोटांएवढ्या अंतरात जोर लागतो, कारण आतली स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. बाकीच्या बऱ्याच देशांच्या रायफलींत ती बोल्ट उचलतानाच ताणली जाते. ही रचना जेम्स पॅरिस लीची. तिच्यामुळे हात एकदा बसला की फार चपळ होतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्रज सैनिकाकडून मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्यांची अपेक्षा असे, त्या ३०० यार्डांवर.

मग धमाका. गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. निशाणांखालच्या खंदकात मार्कर बसलेले असतात. ते काठीवरची तबकडी वर करून गोळी कुठं लागली ते दाखवतात. गोळी लागलीच नाही तर लाल झेंडी डावी-उजवीकडे हलते. "ती झेंडी दिखनी का आख्खी पलटन हासे," आबा म्हणाले. फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचं. जुन्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो आणि ओल धरली की गंज चढतो. पाण्यानं तो धुऊन निघतो, मग फुलथ्रूला चिंधी बांधून ओढायची, मग तेल. आबा या क्रमाचं वर्णन एखाद्या बाळंतिणीच्या न्हाणीसारखं करतात.

आणि सगळ्यात शेवटी पुंगळ्या. जेवढे राउंड कोतातून निघाले तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत जमा. एक कमी भरली तर कुणी घरी जायचं नाही. एकदा आबांच्या तुकडीची एक पुंगळी हरवली. ऊन डोक्यावर, कुसळाचं गवत, आणि चाळीस माणसं रांगेत ओणवी होऊन चाचपडत निघाली. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती सापडली, एका जवानाच्या वर दुमडलेल्या बाहीत. गरम पुंगळी उडून तिथं पडली होती आणि त्याला चटका लागल्याचं कळलंही नव्हतं. त्यानंतर त्याच्या वाट्याला काय आलं ते आबांनी सांगितलं नाही, फक्त हसले.

भरवशाची असली तरी ती जुनी झाली होती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीच्या फलाटांवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या दोघांसमोर आपले काही शिपाई हीच बोल्टची रायफल घेऊन उभे होते. त्या रात्रीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. एक गोळी, मग बोल्ट मागे, पुढे, मग दुसरी गोळी. पलीकडून तेवढ्यात दहा येतात. त्यानंतर थ्री नॉट थ्री मागे पडत गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला वाजतगाजत निरोप दिला. आपल्याकडे होमगार्डाच्या, पहाऱ्याच्या शिपायाच्या खांद्यावर ती पुढेही दिसत राहिली, म्हाताऱ्या बैलाला पाण्याच्या गाड्याला जुंपावं तशी.

भाच्याची रायफल अमेरिकेत पोहोचली याचं कारण तिकडचा बाजार. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या फौजांचा जुना माल जहाजं भरून आला आणि टपालानं विकला गेला. त्याचा कडेलोट १९६३ मध्ये झाला. केनेडींना मारणारी इटालियन कार्कानो रायफल ली हार्वी ओस्वाल्डनं शिकागोच्या एका दुकानातून टपालानं मागवली होती, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला. १९६८ च्या कायद्यानं ही टपाल-विक्री थांबली, जुन्या फौजी बंदुकांची आयातही अडली. १९८० च्या दशकात आयातीचं दार पुन्हा उघडलं आणि त्यातून इशापूरच्या रायफली गेल्या. भाचा सांगतो, घेतली तेव्हा ती डांबरासारख्या ग्रीसमध्ये बुडवलेली होती. दोन दिवस रॉकेलनं पुसत बसला होता. आतून गंजाचा ठिपका नव्हता. लोखंडावर काळा मुलामा, लाकडाला एक जुनी चीर, आणि ती चीर पुढे जाऊ नये म्हणून कुणीतरी आडवा स्क्रू मारलेला. "मामा, हा स्क्रू इशापूरचाच," तो अभिमानानं म्हणाला. मारुतीच्या शेंदराखालचा दगड दाखवावा तसं.

२ए१ हे १९६२ च्या चीन युद्धाचं अपत्य. फौजेला ७.६२ ची नवी स्वयंभरणी रायफल पुरेशी मिळेना, तेव्हा इशापूरनं जुन्याच ली-एनफील्डचा सांगाडा चांगल्या पोलादात घडवला, त्याला ७.६२ ची नळी आणि बारा गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. आणि त्याच धक्क्यानं आमच्या खानदेशात एक कारखाना आला. भुसावळच्या पुढे वरणगावला १९६४ मध्ये काडतुसांची ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. भुसावळला एक ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ पासून होतीच. वरणगावची काडतुसं मुख्यतः ७.६२ ची, पुढे ५.५६ ची. आमच्या शेजारच्या आळीतली दोन माणसं तिथं नोकरीला होती. सुट्टीत आली की काय बनवता हे विचारलं तर "पितळाची भांडी" म्हणायची.

म्हणजे काडतूस आमच्या जिल्ह्याशेजारी बनतं, रायफल देशात बनते, आणि दोन्हींची गाठ माझ्यासारख्याच्या हातात कायद्यानं कधीच पडू नये. हे मला खटकतं का? सुरुवातीला खटकलं. मग मी तापीकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे आजोबांपासूनची बारा बोअर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं मका आडवा करतात म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, आता डुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. एका बंदुकीपायी त्याच्याकडे कागदांची एक पिशवी आहे: पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, नूतनीकरण. २०१९ च्या दुरुस्तीनं परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला हे सुख, आणि माणशी तीनऐवजी दोनच बंदुका याचा त्याला फरक पडत नाही. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, तर ती बिचारी दोनदा माहेरी जाऊन आली.

मी त्याला विचारलं, रायफल मिळाली तर घेशील? तो बांधावर उभा होता. त्यानं हातानं समोरची सपाटी दाखवली. कापूस, मका, पलीकडे पपईची बाग, तिच्यापुढे रस्ता आणि मग गाव. "बाराबोअरचे छर्रे पन्नास पावलांत जिरतात. रायफलची गोळी डुकराला चुकली तर कुठं थांबेल?" मधे टेकाड नाही, डोंगर नाही. .३०३ ची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडे जाते. मला तरी त्याचं म्हणणं पटलं. टेक्सासात भाच्याच्या गोळीबार मैदानाला मागे मातीचा उंच बंधारा आहे, आमच्या सपाटीला गावं आहेत.

पण .३०३ अडवून बंदूक अडली का, तर नाही. उत्तरेत गावठी कट्टे .३१५ चेच असतात, कारण काडतूस ते मिळतं. साहेबानं रयतेसाठी निराळं ठेवलेलं माप आज कट्टेवाल्यांचं लाडकं झालंय. आमच्याकडेही चोपड्यापलीकडच्या मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या बातम्यांत सारखं येतं. स्वस्त बंदूक हवी असेल तर इथं तेवढीच वाट उरते, आणि ती थेट तुरुंगात उतरते. कायद्याच्या वाटेनं गेलेल्याला म्हशीची किंमत मोजावी लागते. विलायती बंदूक म्हणाल तर आयात १९८० च्या दशकात बंद झाली आणि जुन्या मालाचे भाव लाखांत गेले.

बोल्टची रायफल चालवायची खरीखुरी भूक असेल, तर एक दार मात्र उघडं आहे, नेमबाजीचं. ते उघडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता हे आपण विसरतो. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी नेमबाज 'मावळंकर' खेळतात. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुणांनी. तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं. त्या रायफलीलाही बोल्ट आहे. प्रत्येक गोळीला हातानं मागे-पुढे. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. आबा तो सामना मोबाइलवर बघत होते आणि दर गोळीला स्वतःचा उजवा हात हवेत फिरवत होते.

दिवाळीच्या आधी भाच्याचा पुन्हा एक व्हिडिओ आला. मैदानावर बारा गोळ्या झाडलेल्या. खांद्यावर हात चोळत हसणारा तो, आणि मग फोन जमिनीकडे. वाळूत पितळी पुंगळ्या पसरलेल्या. त्यातली एक उचलून त्यानं बूड कॅमेऱ्यासमोर धरलं. जुन्या साठ्यातली भारतीय काडतुसं त्याला कुठल्याशा प्रदर्शनात मिळाली होती. बुडावर गोल फिरणारी तीन इंग्रजी अक्षरं: ओ.एफ.व्ही. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. आमच्याकडचं पितळ. त्यानं पुंगळी पायाशी टाकली, पायानंच बाकीच्या एका कडेला लोटल्या आणि रायफल गाडीत ठेवायला गेला.

मी तो व्हिडिओ आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, दोनदा पाहिला. अक्षरांचं त्यांना विशेष वाटलं नाही. फोन परत देताना त्यांच्या कपाळाला आठी होती.

"पुंगळ्या मोज्यात का त्यानी?"